चोरांच्या टोळीवर जीव जडला तर?

या महिन्यात आलेली बरीचशी पत्रं एकाच पुस्तकाबद्दल आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. पुस्तक आहे ली बार्डूगो या अमेरिकी लेखिकेची ‘सिक्स ऑफ क्रोज’ ही कादंबरी. ती २०१५ साली आली, आणि ‘क्रुकेड किंगडम’ हा तिचा उत्तरार्ध २०१६ साली. आमच्या वाचनालयातली पूर्वार्धाची प्रत एका सभासदांच्या मुलीनं अमेरिकेहून पाठवलेली आहे. तिच्या पानांच्या कडा काळ्याकुळकुळीत आहेत आणि ती कपाटात दोन दिवस सलग राहिलेली मला आठवत नाही.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी: केटरडॅम नावाच्या काल्पनिक बंदरात काझ ब्रेकर हा सतरा वर्षांचा गुंड एका श्रीमंत व्यापाऱ्याकडून एक काम अंगावर घेतो. दूर उत्तरेला आइस कोर्ट नावाचा, आजवर कुणालाही न फोडता आलेला किल्ला आहे. तिथे अडकलेल्या एका शास्त्रज्ञाला बाहेर काढायचं. मोबदला तीन कोटी क्रुगे. काझ त्यासाठी आणखी पाच जण गोळा करतो, आणि त्यांतल्या एकालाही सभ्य माणसांच्या घरात पाट मिळणार नाही. शेवट मी कुठेच सांगणार नाही, पण पात्रांचा भूतकाळ सांगावा लागेल.

माझी मुलगी नववीत आहे. रात्री जागून हे पुस्तक वाचते. मी मधलंच एक पान उघडलं, तर तिचा लाडका काझ जहाजावर एका माणसाचा डोळा काढत होता. मी हादरले. तिला विचारलं, तर म्हणाली, ‘आई, तो तसाच आहे.’ चोर आणि खुनी लोकांवर इतकं प्रेम करायला लावणारं पुस्तक मुलीच्या हातात असू द्यावं का? — एक आई, नाशिक

असू द्या. पण तिला एकटीला वाचू देऊ नका, तुम्हीही वाचा. नववीच्या मुलीला हे पुस्तक झेपतं असं माझं मत आहे. मात्र त्यात डोळ्याच्या प्रसंगापेक्षा जड गोष्टी आहेत आणि त्या तिला कुणाशी तरी बोलाव्याशा वाटतील.

तो प्रसंग मलाही वाचवला नव्हता. टोळीतल्या इनेजला बंदरावर भोसकलं जातं, ती मरणाच्या दारात असते, आणि हल्लेखोरांतला एक जण काझच्या तावडीत सापडतो. काझ त्याच्याकडून हवी ती माहिती काढून घेतो आणि त्याला समुद्रात टाकतो. लेखिका इथे पडदा पाडत नाही. पडदा पाडला असता तर तुमच्या मुलीला काझ नुसता रुबाबदार वाटला असता. आता तिला तो आवडतो आणि त्याची भीतीही वाटते. ‘तो तसाच आहे’ या तीन शब्दांत तिनं हे तुम्हाला सांगितलंच आहे.

वाईट वागणारा नायक वाचकाला आवडवून घेणं अवघड नाही. चार टाळीची वाक्यं, एक काळा कोट, लहानपणीचं एखादं दुःख, की झालं. माझ्या टेबलावरून अशी कितीतरी पुस्तकं जातात आणि ती मी मुलांना कधी सुचवत नाही. हे मी सुचवते, कारण त्यात प्रत्येक कृत्याचा हिशोब ठेवलेला आहे आणि कुणालाही सूट नाही.

काझचंच बघा. वडील गेल्यावर शेत विकून दोन भाऊ पैसे घेऊन शहरात येतात. एक गोड बोलणारा व्यापारी त्यांना घरी जेवायला बोलावतो. घरात बायको, मुलगी, कुत्रा, सगळं असतं. साखरेच्या व्यवहारात पैसे गुंतवायला सांगतो. मग एके दिवशी ती पेढी बंद, घर रिकामं, बायको-मुलगीसुद्धा भाड्याची. आपल्याकडे ‘पैसे दुप्पट’च्या नादात घरंच्या घरं बसली, त्यांना हे पान वाचताना काय वाटेल ते मी सांगायला नको. त्यानंतर शहरात साथ येते. मोठा भाऊ जातो, आणि धाकट्यालाही मेलेला समजून प्रेतांच्या तराफ्यावर टाकून देतात. तो शुद्धीवर येतो आणि भावाच्या प्रेताला धरून पोहत किनारा गाठतो. तेव्हापासून त्याला माणसाच्या कातडीचा स्पर्श सहन होत नाही, म्हणून हातात कायम मोजे. आता यातली मेख अशी, की हाच काझ मोठेपणी भोळ्याभाबड्या माणसांना जुगाराच्या अड्ड्यावर लुबाडतो. ज्यानं त्याला बुडवलं त्याचाच धंदा त्यानं उचलला. पुस्तक हे लपवत नाही.

इनेजचं त्याहून कठीण आहे. ती सुली या भटक्या जमातीतली, दोरीवरून चालणाऱ्यांच्या घरातली. डोंबाऱ्याच्या खेळात ढोलकीच्या ठेक्यावर तारेवर चालणारी पोर आपण पाहिलेली असते, त्यामुळे इनेज आपल्याला फार ओळख करून न देता कळते. तिला गुलामांचे व्यापारी पळवतात आणि केटरडॅममधल्या एका कुंटणखान्यात विकतात. काझच्या टोळीनं तिचा करार विकत घेतला म्हणून ती तिथून सुटली. सुटली, पण ते कर्ज आता टोळीचं झालं. ज्यानं सोडवलं त्याचीच देणेकरी. ती श्रद्धाळू आहे, आपल्या सुऱ्यांना संतांची नावं देते, आणि त्याच सुऱ्या वापरायची वेळ आली की वापरते.

मुलीशी बोलायचं तर डोळ्याच्या पानापासून सुरुवात करू नका. नीना आणि मथायसपासून करा. मथायस हा जादूची शक्ती असलेल्या ग्रिशा लोकांना पकडून खटल्यासाठी, म्हणजे बहुधा मरणासाठी, नेणारा शिकारी. नीना स्वतः ग्रिशा. एका प्रसंगी तिचे स्वतःचेच लोक त्याला पकडून नेणार असतात. त्याचा जीव वाचावा म्हणून ती त्याच्यावर खोटा आरोप करते, की हा गुलामांचा व्यापारी आहे. जीव वाचतो, पण तो तुरुंगात जातो. वर्षभर नरक भोगतो आणि तिचा सूड घ्यायची शपथ घेतो. तिला साक्ष मागे घेता येत नाही, कारण मग खोटी साक्ष दिल्याबद्दल तीच आत जाणार. मुलीला विचारा, नीनानं केलं ते बरोबर का? आमच्या वाचनालयात शनिवारी येणाऱ्या मुलांसमोर मी हा प्रश्न ठेवला होता, आणि वाचनालय बंद करायची वेळ झाली तरी मुलं उठायला तयार नव्हती.

नेटफ्लिक्सवर मालिका पाहिली. आता पुस्तक वाचायचंय, पण मित्र म्हणतो आधीची तीन पुस्तकं वाचावी लागतील. खरं का? — एक विद्यार्थी, पुणे

नाही. २०१२ ते २०१४ या काळात आलेली ‘शॅडो अँड बोन’ ही तीन पुस्तकांची मालिका त्याच जगातली, पण त्यात हे चोर नाहीतच. नेटफ्लिक्सनं दोन्ही गोष्टी एकत्र केल्या आणि टोळीला आधीच्या कथेत नेऊन बसवलं. आइस कोर्टचा दरोडा पडद्यावर आलाच नाही. २०२१ आणि २०२३ असे दोन हंगाम झाले आणि मालिका बंद पडली. म्हणजे तू जे पाहिलंस त्यात ही कादंबरी अजून सुरूच झालेली नाही. थेट वाच. पहिल्या पन्नासेक पानांत नावांचा गोंधळ उडेल. थांबू नकोस, प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर ते कुणाच्या नजरेतून आहे त्याचं नाव छापलेलं असतं.

लहानपणी अपघात झाला तेव्हापासून मी कुबडी घेऊन चालतो. काझ काठी घेऊन चालतो हे वाचलं आणि पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. ताई, पुढे त्याचा पाय बरा होतो का? होत असेल तर मला पुढचा भाग वाचायचा नाही. — एक वाचक, सोलापूर

वाच. पाय बरा होत नाही.

शेवट सांगणार नाही म्हटलं होतं, पण तुझ्यासाठी एवढं सांगते. त्या जगात नुसत्या हातानं जखमा भरून काढणारे ग्रिशा आहेत, त्यामुळे पाय बरा करून टाकणं लेखिकेला एका ओळीचं काम होतं. तिनं ते केलं नाही. एका चोरीत काझ छपरावरून उडी मारतो, हाड मोडतं, वाकडं जुळतं. मग तो धातूवर काम करणाऱ्या एका ग्रिशाकडून खास काठी करून घेतो. मूठ कावळ्याच्या डोक्याची, हात मोडता येईल इतकी वजनदार. थंडीत पाय दुखतो, जिने चढताना दुखतो, आणि हे दुखणं लेखिका मधूनच विसरून जात नाही. किल्ल्यात शिरायचा बेत आखतानाही कोण कुठून चढेल हे या पायाकडे बघूनच ठरतं.

विसरणं तिला शक्यही नव्हतं. बार्डूगोंना स्वतःला ऑस्टिओनेक्रोसिस आहे, म्हणजे हाडाला पुरेसं रक्त न मिळाल्यानं ते मरत जाण्याचा आजार, आणि त्यांनाही कधीकधी काठी घ्यावी लागते. पुस्तकाच्या शेवटी ऋणनिर्देशात त्यांनी हे लिहिलं आहे. ते पानही वाच.

मी निवृत्त शिक्षक. नातवानं हट्टानं हे पुस्तक वाचायला लावलं. केटरडॅम वाचताना मला सारखं ॲम्स्टरडॅम दिसत होतं. आमच्या वेंगुर्ल्यात डचांची पडकी वखार आहे, तिच्यावरून मी लहानपणापासून जातो. हा संबंध मी ओढूनताणून लावतोय का? — एक आजोबा, वेंगुर्ले

गुरुजी, अजिबात ओढूनताणून नाही. कालवे, काळ्या कपड्यांतले व्यापारी, नावांची धाटणी, शेअर आणि करार यांवर उभं राहिलेलं शहर, हे सगळं सतराव्या शतकातल्या हॉलंडवरून घेतलेलं आहे. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ साली स्थापन झाली आणि तिच्या शेअरची खरेदी-विक्री ॲम्स्टरडॅममध्ये होऊ लागली. रेम्ब्रांटनं १६६२ साली कापडाच्या व्यापारी संघाच्या अधिकाऱ्यांचं चित्र काढलं. काळे झगे, पांढऱ्या कॉलर, समोर उघडी हिशोबाची वही, आणि आपण दार न वाजवता आत शिरलो आहोत अशा नजरेनं सगळे आपल्याकडे बघताहेत. काझला काम देणारा व्यापारी याच टेबलाशी शोभला असता. १६६३-६४ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये प्लेगची मोठी साथ आली होती. कादंबरीतली साथ आणि प्रेतांचा तराफा वाचताना मला तीच आठवली.

आणि तुमची वखार याच कंपनीची. गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवायला आणि त्यांची नाकेबंदी करायला डचांना वेंगुर्ले सोयीचं होतं. या कंपनीनं मसाल्याबरोबर हिंदी महासागरात माणसांचाही व्यापार केला. केटरडॅममध्ये देव आहे तो व्यापाराचा. गुलामगिरीला कायद्यानं बंदी आहे, पण माणसाला कराराच्या कागदावर सही करायला लावून बांधून ठेवायला बंदी नाही. इनेजला भाषासुद्धा नीट येत नसताना तिच्या नावाचा कागद तयार होतो. लेखिकेला या शहराची खरी चीड इथे आहे, आणि मलाही. सहा चोरांना गुन्हेगार म्हणताना त्या कागदावर शिक्का मारणाऱ्याला काय म्हणायचं, हा प्रश्न पुस्तक पानापानावर विचारतं. नातवाला एकदा वखारीपाशी घेऊन जा आणि तिथे त्याला या कंपनीबद्दल सांगा. ते त्याला त्या पुस्तकात मिळणार नाही.

मी मराठीत अद्भुतरम्य दरोड्याची कादंबरी लिहितोय. बर्फाळ प्रदेशातला किल्ला, पाच जणांची टोळी, जादूचं रत्न. दोन अडचणी आहेत. एका संपादकांनी सांगितलं की मराठी वाचकाला चोर नायक म्हणून चालत नाहीत. आणि मित्र म्हणतात सगळं परदेशी पुस्तकांसारखं वाटतं. काय करू? — एक तरुण लेखक, छत्रपती संभाजीनगर

संपादकांचं म्हणणं मला पटत नाही. बाबुराव अर्णाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर आपल्या दोन पिढ्या पोसल्या. त्याच्याही मागे जा. शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’ गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलं, त्यातला शर्विलक आठव. तिसऱ्या अंकात तो चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो, आणि काय तब्येतीनं फोडतो! भोकाचे सात आकार त्याला पाठ आहेत. उमललं कमळ, सूर्य, चंद्रकोर, असे एकेक आठवून तो पूर्णकुंभाचा आकार निवडतो. मोजायची दोरी विसरली म्हणून जानव्यानं माप घेतो. काम चालू असताना बोटाला साप चावतो, तर तेच जानवं बोटाला बांधतो. आत जाण्याआधी एक खोटा माणूस भोकातून पुढे सरकवतो, कुणी टपून बसलंय का ते बघायला. दार जुनं, करकरेल, म्हणून बिजागरीवर पाणी शिंपडतो, आणि मग त्याला त्या पाण्याच्या थेंबांच्या आवाजाचीच धास्ती वाटते.

हा वेदपाठ्याच्या घरातला ब्राह्मण. चोरी कशासाठी, तर प्रेयसी मदनिका दासी आहे, तिला दास्यातून सोडवायला पैसे हवेत म्हणून. त्याचे स्वतःचे नियम आहेत: बाईच्या अंगावरचा दागिना ओढायचा नाही, दाईच्या कडेवरच्या पोराला हात लावायचा नाही. एवढं करून तो चोरी करतो ती एका दरिद्री, भल्या माणसाच्या घरात. त्यानं उचललेले दागिनेही चारुदत्ताचे नाहीत, वसंतसेनेनं ठेवायला दिलेले आहेत. म्हणजे मदनिकेच्या मालकिणीचेच! हे कळतं तेव्हा मदनिका त्याची जी कानउघाडणी करते ती वाच. तुझ्या टोळीत अशी एक मदनिका हवी. चोराला ‘तू काय केलंस ते तुला कळलंय का’ असं तोंडावर विचारणारं माणूस नसेल तर तुझे पाच जण नुसते दिमाख करत फिरतील.

आता दुसरी अडचण. तू पाठवलेलं पहिलं प्रकरण वाचलं. बर्फ तू पाहिलेला नाहीस आणि ते दिसतं. तुझ्या घरापासून देवगिरी किती लांब आहे? आइस कोर्ट वाचताना मला पहिल्यापासून देवगिरीच दिसत होता. कडा खालून ताशीव उभा, वर चढायला पकड नाही. भोवती खडकात खोदलेला खंदक. पलीकडे जायला एकच वाट, आणि ती जाते अंधारीत, म्हणजे खडकातल्या त्या वळणावळणाच्या काळोख्या बोगद्यात. वरच्या तोंडाशी विस्तव पेटवून बोगदा धुरानं भरायची सोय. तुझ्या टोळीतला कोण त्या धुरात शिरेल? कुणाला दमा आहे? अंधारात पायऱ्या मोजून ठेवणारी कोण आहे?

आता दरोड्याचा बेत आणि तो फसणं याबद्दल. वाचकाला बेत आधी सांगितलास तर तो मोडलाच पाहिजे. सांगितला नसलास तरच तो फत्ते होऊ दे. बार्डूगो हे दोन्ही आलटूनपालटून करते. शिवाय बेत जिथे मोडतो तिथे माणूस दिसला पाहिजे. आइस कोर्टच्या तुरुंगात इनेजला सहा मजले उंच धुराड्यातून वर चढायचं असतं. भट्टी थंड असेल असा सगळ्यांचा हिशोब. ती थंड नसते. बुटांचे रबरी तळवे वितळायला लागतात, पाय भाजतात, भिंतीवरची पकड सुटायला लागते. परत खाली जाणं म्हणजे निखाऱ्यांत जाणं. त्या धुराड्यात, हात थरथरत असताना, ती पहिल्यांदा स्वतःला विचारते की जगले तर मला करायचंय काय. हे प्रकरण तू तीनदा वाच. त्यात जादू जवळजवळ नाही. रबर आहे, विटा आहेत, घाम आहे.

जादूलाही किंमत लाव. ग्रिशांचे हात बांधले की त्यांची शक्ती चालत नाही. शक्ती अफाट वाढवणारं पारेम नावाचं औषध आहे, पण ते एकदा घेतलं की त्यातून सुटका जवळजवळ नाही. तुझं रत्न सगळंच करू शकतं, आणि त्यामुळे ते कुणाच्या हातात आहे यानं मला काही फरक पडेनासा झाला.

देवगिरीचीच एक कथा तुझ्या कामाची आहे. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा रामदेवराय किल्ल्यात अडकला. वेढा सोसायचा म्हणून घाईघाईनं पोती वर चढवली होती. उघडली तेव्हा धान्याऐवजी मीठ निघालं आणि शरण जावं लागलं, असं सांगतात. खडक, खंदक, अंधारी, सगळं शाबूत, आणि किल्ला पोत्यांमुळे गेला. तुझ्या कल्पित राज्यात ती पोती कुणी भरली? चुकून, की पैसे घेऊन? ज्यानं भरली त्याची मुलं किल्ल्याच्या आत होती की बाहेर? तो माणूस तुझ्या टोळीतला पाचवा असू दे, आणि त्यानं काय केलं ते बाकीच्या चौघांना अर्धी कादंबरी होईपर्यंत कळू देऊ नकोस. पहिलं प्रकरण त्याच्या नजरेतून नव्यानं लिही आणि मला पाठव. लगेच वाचेन.